आकाश राखणारा हिशेबनीस : डॉ. गोह केंग स्वी

१९६८ सालचा जानेवारी महिना आपल्या बेटावरील वडीलधाऱ्या मंडळींना चांगला आठवत असेल. स्वातंत्र्याचा दिवस दोन महिन्यांवर आला होता आणि पोर्ट लुईमध्ये दंगल उसळली होती. ती शमविण्यासाठी इंग्रज सरकारने मलेशियातील आपल्या छावणीतून सैनिकांची तुकडी विमानाने आपल्याकडे धाडली. त्याच महिन्यात, १६ जानेवारीला, लंडनमध्ये पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी एक घोषणा केली. सुएझच्या पूर्वेकडील इंग्रजांचे मोठे लष्करी तळ १९७१ च्या अखेरीपर्यंत बंद होणार होते. म्हणजे जी फौज आपल्या मदतीला धावून आली, तीच आपले बिऱ्हाड आवरण्याच्या तयारीला लागणार होती.

आपल्याकडे या घोषणेची फारशी चर्चा झाली नाही. सिंगापूरला मात्र तिने मुळापासून हादरविले. त्या बेटाच्या उत्पन्नाचा सुमारे एक-पंचमांश भाग इंग्रजांच्या तळांवर अवलंबून होता. हजारो लोकांची रोजीरोटी त्या तळांवर होती. आणि आकाशाची राखण तर सर्वस्वी इंग्रजांच्याच विमानांकडे होती. सिंगापूरजवळ स्वतःचे एकही लढाऊ विमान नव्हते, ते चालविणारा वैमानिक नव्हता, की दुरुस्त करणारा कारागीर नव्हता.

अशा वेळी ज्या माणसाच्या हिशेबी डोक्यावर त्या देशाची भिस्त होती, त्या डॉ. गोह केंग स्वी यांची ओळख आज करून घेऊ या. त्यांचे मित्र ली क्वान यू यांचे नाव आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. गोह यांचे नाव त्या मानाने मागे राहिले. पण सिंगापूरची तिजोरी, कारखाने, फौज आणि शाळा या चारही ठिकाणी त्यांचा हात फिरला आहे.

मलाक्क्याचा मुलगा

गोह यांचा जन्म ऑक्टोबर १९१८ मध्ये मलाक्का येथे झाला. घराणे पेरानाकान, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या मलायात राहून तिथल्या चालीरीतींत मुरलेले चिनी. परक्या भूमीत आलेल्या पूर्वजांची आठवण ठेवून नव्या मातीत रुजणे म्हणजे काय, हे आपल्यासारख्या मराठी घरांना वेगळे सांगायला नको. वडील रबराच्या मळ्यावर व्यवस्थापक होते. मुलगा सिंगापूरच्या अँग्लो-चायनीज स्कूलमध्ये शिकला, पुढे रॅफल्स कॉलेजात गेला आणि १९३९ साली अर्थशास्त्रात विशेष प्रावीण्य मिळवून बाहेर पडला. युद्धकर खात्यात त्याला सरकारी नोकरी लागली.

लवकरच महायुद्ध सिंगापूरच्या दाराशी आले. गोह स्थानिक स्वयंसेवक दलात दाखल झाले होते. त्या काळी सिंगापूर हा अभेद्य किल्ला समजला जाई. पण १० डिसेंबर १९४१ रोजी इंग्रजांची प्रिन्स ऑफ वेल्स आणि रिपल्स ही दोन बलाढ्य जहाजे जपानी विमानांनी मलायाच्या किनाऱ्याजवळ बुडविली. त्या जहाजांच्या डोक्यावर राखण करणारे एकही आपले विमान तेव्हा नव्हते. इंग्रजांनी मलायात ठेवलेली बफेलो विमाने जपान्यांच्या लढाऊ विमानांपुढे टिकली नाहीत. युरोपात चांगली विमाने हवी होती, म्हणून पूर्वेकडे दुय्यम माल पाठविला गेला होता. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले आणि साडेतीन वर्षे जपान्यांच्या टाचेखाली राहिले.

तेवीस वर्षांच्या त्या स्वयंसेवकाच्या मनावर याचा काय परिणाम झाला असेल, याची आपण कल्पना करू शकतो. ज्याचे आकाश उघडे, त्याचा किल्ला कितीही भक्कम असला तरी व्यर्थ. आणि दुसऱ्याच्या विमानांवर विसंबणारा, दुसऱ्याला अडचण आली की उघडा पडतो.

हिशेबाची शिस्त

युद्धानंतर गोह समाजकल्याण खात्यात काम करू लागले. घरोघर जाऊन गरिबी मोजणे हे त्यांचे काम. १९४८ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेले आणि १९५१ साली पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले. लंडनमध्ये त्यांनी मलायाच्या विद्यार्थ्यांचा मलायन फोरम उभारण्यात पुढाकार घेतला. स्वातंत्र्याची स्वप्ने तिथेच रंगली. पुन्हा लंडनला जाऊन १९५६ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली. तिचा विषय होता, मागासलेल्या देशात राष्ट्रीय उत्पन्न कसे मोजावे. विषय कोरडा वाटेल, पण ज्याला देश चालवायचा आहे त्याला घरात किती पीठ आहे हे आधी कळले पाहिजे.

१९५९ मध्ये ते निवडून आले आणि अर्थमंत्री झाले. त्या वर्षी १ कोटी ४० लाख डॉलरची तूट येणार असे दिसत होते. गोह यांनी सरकारी नोकरांचे पगार कापले, मंत्र्यांचेही सोडले नाहीत. लोक चिडले. वर्षअखेरीस मात्र तुटीच्या जागी १० लाख डॉलरची शिल्लक दिसली. त्यानंतर त्यांनी जुरोंगच्या दलदलीत औद्योगिक वसाहत उभारायला घेतली. डच अर्थतज्ज्ञ आल्बर्ट विन्सेमियस यांचा सल्ला त्यांच्या पाठीशी होता. सुरुवातीची काही वर्षे बरेचसे भूखंड ओस पडून राहिले. लोक जुरोंगला गोह यांचा वेडेपणा म्हणू लागले. पुढे तिथे कारखान्यांची रांग लागली आणि हसणारे गप्प झाले.

दोन पलटणींचा देश

१९६३ मध्ये सिंगापूर मलेशियात सामील झाले. संसार जमला नाही. १९६५ च्या जुलैत काडीमोडाची गुप्त बोलणी गोह यांनीच मलेशियाच्या नेत्यांशी केली आणि ९ ऑगस्टला सिंगापूर वेगळे झाले. आपल्या बेटाच्या एक-तृतीयांशाहूनही लहान जागा, सुमारे १९ लाख लोक, पिण्याचे पाणीसुद्धा शेजाऱ्याकडून येणारे, आणि फौज म्हणजे पायदळाच्या दोन पलटणी. अर्थखाते सोडून गोह यांनी गृह आणि संरक्षण खाते घेतले.

फौज शिकवायला कोणी तरी हवे होते. सिंगापूरने भारताकडे मदत मागितली. भारताने नव्या देशाला मान्यता दिली, परंतु लष्करी मदत दिली नाही. तेव्हा भारत स्वतःच पाकिस्तानशी युद्धात गुंतला होता. अखेर इस्राएलचे अधिकारी गुपचूप येऊन शिकवू लागले. १९६७ मध्ये तरुणांना सक्तीची लष्करी सेवा लागू झाली. त्याच वर्षी गोह पुन्हा अर्थखात्याकडे गेले आणि संरक्षण लिम किम सान यांच्याकडे आले.

म्हणून विल्सन यांची घोषणा झाली तेव्हा संरक्षणाच्या गरजा एका मंत्र्याने मांडायच्या आणि पैसा गोह यांनी काढायचा, अशी वाटणी होती. १ सप्टेंबर १९६८ रोजी सिंगापूर एअर डिफेन्स कमांड स्थापन झाले. पुढच्या वर्षी शिकण्यासाठी आठ लहान सेसना विमाने आली. मग स्ट्राइकमास्टर नावाची सोळा प्रशिक्षण विमाने आली, जी वेळ पडल्यास लढूही शकत. १९७० पासून इंग्लंडहून हंटर जातीची लढाऊ विमाने येऊ लागली. ती नवी नव्हती. इंग्रजांनी वापरलेली विमाने कारखान्यात दुरुस्त करून पाठविली होती. निघून जाणारा भाडेकरू घरातील जड सामान विकून जातो, तशी इंग्रजांची ब्लडहाउंड क्षेपणास्त्रेही सिंगापूरने जागच्या जागी विकत घेतली.

विमान कसे निवडावे

१९७० मध्ये गोह संरक्षण खात्यात परतले आणि १९७९ पर्यंत तिथे राहिले. याच काळात सिंगापूरने विमान खरेदीची आपली पद्धत बसविली. ती समजून घेण्यासारखी आहे.

आपल्याकडे ऊस वाहणारा एखादा मनुष्य लॉरी घेतो तेव्हा फक्त किंमत विचारत नाही. रस्ता कसला आहे, ओझे किती, टायर कुठे मिळतील, मेकॅनिक कोण, हे सारे तो पाहतो. लढाऊ विमानाचेही तसेच आहे, मात्र चूक झाली तर नुकसान एका घराचे नसून देशाचे असते.

पहिला प्रश्न असतो, विमान कशासाठी हवे? शत्रूचे विमान अडविण्यासाठी वेगळे विमान लागते, जमिनीवरील फौजेवर मारा करण्यासाठी वेगळे. दुसरा प्रश्न, ते पूर्ण आयुष्यभर पोसायला किती खर्च येईल? चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ही आपली म्हण इथे तंतोतंत लागू पडते. इंधन, सुटे भाग, दारूगोळा, वैमानिकांचे शिक्षण, कारागिरांचे पगार, हे सारे मिळून मूळ किमतीला मागे टाकतात. तिसरा प्रश्न, विकणारा देश उद्या रुसला तर? सुटे भाग बंद झाले की सोन्याच्या मोलाचे विमान शेडमध्ये धूळ खात पडते. चौथा प्रश्न, आपली माणसे ते शिकू शकतील का, आणि दुरुस्ती आपल्या घरी होईल का? आणि पाचवा, ते वेळेवर मिळेल का?

या प्रश्नांची उत्तरे सेनापतीच्या आवडीवर किंवा दलालाच्या गोड बोलण्यावर सोडायची नाहीत, हा गोह यांचा कटाक्ष होता. त्यांनी खात्यात तरुण इंजिनियर भरती केले आणि त्यांना सिस्टिम्स ॲनालिसिसचे, म्हणजे सर्व बाजू आकड्यांत मांडून तुलना करण्याचे काम दिले. तीन साधनांचा खर्च आणि उपयोग समोरासमोर मांडला की कोणाचे म्हणणे पोकळ आहे ते लगेच दिसते.

या विचाराचे उत्तम उदाहरण म्हणजे स्कायहॉक. १९७२ मध्ये सिंगापूरने अमेरिकन नौदलाची ४० जुनी स्कायहॉक विमाने घेतली. अमेरिकेने ती वापरून बाजूला ठेवली होती. पण विमान लहान, बांधा साधा आणि मजबूत. पहिली आठ विमाने कॅलिफोर्नियात लॉकहीड कंपनीने नव्यासारखी केली. बाकीची सिंगापूरमध्येच, त्याच कंपनीच्या कारखान्यात, स्थानिक कारागिरांच्या हातून बदलण्यात आली. मूळच्या तोफा काढून ३० मिलिमीटरच्या एडन तोफा बसविल्या. कारण उघड होते. हंटरमध्ये त्याच तोफा होत्या, म्हणजे एकच दारूगोळा आणि एकच दुरुस्ती. शिकविण्यासाठी दोन माणसांचे विमान हवे होते, तर जुन्याच विमानाचे नाक लांबवून पुढे दुसरी बैठक बसविली. दोन बैठकींवर दोन वेगवेगळी काचेची छत्रे असलेले ते विमान जगात दुसरीकडे कुठे नव्हते. दिसायला ते थोडे विचित्रच होते, पण काम चोख करी.

खरी कमाई विमानांची नव्हती, कारागिरांची होती. १९७५ मध्ये विमानांच्या देखभालीसाठी सिंगापूरने स्वतःची कंपनी काढली. त्याच वर्षी १ एप्रिलला एअर डिफेन्स कमांडचे नाव रिपब्लिक ऑफ सिंगापूर एअर फोर्स असे झाले. १९७६ मध्ये प्रथमच नवी कोरी लढाऊ विमाने मागविली गेली, १८ एक बैठकीची आणि ३ दोन बैठकींची एफ-५. ती १९७९ मध्ये आली. आधी जुन्यावर हात बसविला, मग नवे घेतले.

याशिवाय १९७२ मध्ये गोह यांनी मोजक्या तरुण इंजिनियरांना एकत्र करून इलेक्ट्रॉनिक्स टेस्ट सेंटर सुरू केले. नाव मुद्दामच साधे ठेवले होते. काम मात्र गुप्त होते, रडार आणि क्षेपणास्त्रांच्या विद्युत लढाईचा अभ्यास. विकणारा जे सांगेल ते खरे मानण्याऐवजी स्वतः तपासण्याची अक्कल घरात हवी, हा त्यामागचा हेतू. १९७७ मध्ये त्याचीच डिफेन्स सायन्स ऑर्गनायझेशन झाली.

भारताचाही तोच अनुभव

हा प्रश्न लहान देशांचाच आहे असे नाही. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर महाराष्ट्राचे सुपुत्र यशवंतराव चव्हाण भारताचे संरक्षणमंत्री झाले. १९६४ मध्ये ते अमेरिकेला गेले. भारताला एफ-१०४ विमाने हवी होती. पाकिस्तानला ती मिळाली होती, भारताला मात्र मिळाली नाहीत. त्याच वर्षी यशवंतराव मॉस्कोला गेले आणि मिग-२१ चा मार्ग पक्का झाला. त्या विमानांसाठी नाशिकजवळ ओझर येथे कारखाना उभा राहिला. मोठ्या देशालाही नकार ऐकावा लागतो, आणि त्यालाही शेवटी आपल्या घरी कारखाना काढावा लागतो. फरक इतकाच की भारताजवळ माणसे आणि जागा होती. सिंगापूरचे जेट विमान उडाले की काही मिनिटांत देशाची हद्द संपते. म्हणून त्यांचे वैमानिक आजही अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि फ्रान्समध्ये जाऊन सराव करतात.

जिथे आकडे अपुरे पडले

गोह यांचे चरित्र सांगताना दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, आणि शिक्षक म्हणून मला ती टाळता येत नाही. १९७९ मध्ये ते शिक्षणमंत्री झाले. त्याआधी त्यांनी शाळांची पाहणी करून एक अहवाल दिला होता. पाहणी करणारे बहुतेक इंजिनियरच होते, संरक्षण खात्यात घडलेले. फार मुले मधेच शाळा सोडतात, परक्या भाषांच्या ओझ्याने दबून जातात, हे त्यांनी बरोबर हेरले. उपाय असा सुचविला की तिसऱ्या इयत्तेनंतर, म्हणजे नवव्या वर्षाच्या सुमारास, मुलांची कुवतीप्रमाणे वेगवेगळ्या प्रवाहांत विभागणी करावी.

गळती कमी झाली, हे खरे. पण खालच्या प्रवाहातील मुलाच्या कपाळावर जो शिक्का बसला, त्याची नोंद कोणत्या तक्त्यात होणार? आपल्याकडे सहावीच्या परीक्षेतील क्रमांकासाठी मुलांची जी धावपळ झाली, ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे दुःख कळेल. विमानाची ताकद आज मोजली तर उद्या तेवढीच असते. मूल मात्र वाढत असते. नवव्या वर्षी मागे असलेले मूल बाराव्या वर्षी पुढे जाते, हे प्रत्येक गुरुजींनी आणि बाईंनी पाहिलेले असते. सिंगापूरनेही पुढे ही व्यवस्था हळूहळू सैल केली, आणि २०२४ पासून माध्यमिक शाळेतील जुने प्रवाहही बंद केले. जी पद्धत यंत्राला लागू पडते ती जशीच्या तशी माणसाला लागू पडत नाही, हा धडाही त्याच चरित्रात आहे.

मात्र या माणसाला केवळ कोरडा हिशेबनीस म्हणणे अन्यायाचे होईल. जुरोंगचे पक्षी उद्यान, सिंगापूरचे प्राणिसंग्रहालय आणि तिथला मोठा वाद्यवृंद यांच्या उभारणीतही त्यांचाच पुढाकार होता. १९७२ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९७३ पासून ते उपपंतप्रधान होते. १९८४ मध्ये त्यांनी राजकारण सोडले. पुढे चीनने आपल्या किनारी भागांच्या विकासासाठी त्यांचा सल्ला घेतला.

मागे राहिलेली शिस्त

गोह गेले तरी पद्धत राहिली. १९८० च्या सुमारास अमेरिका लहान मित्रदेशांना कमी ताकदीचे इंजिन लावलेले एफ-१६ देऊ पाहात होती. सिंगापूरने आधी त्याचाच विचार केला होता. परंतु अमेरिकेचे धोरण बदलताच १९८५ मध्ये त्याने पूर्ण ताकदीची आठ विमाने ठरविली. याच सुमारास जुन्या स्कायहॉकचे अपघात होऊ लागले होते. ती भंगारात न काढता सिंगापूरच्या कारागिरांनी त्यांत नवे इंजिन बसविले. शक्ती सुमारे ३० टक्क्यांनी वाढली आणि १९७२ मध्ये जुनी म्हणून घेतलेली विमाने २००५ पर्यंत आघाडीवर उडत राहिली.

त्यांची जागा कोण घेणार, यासाठी जगातील बड्या कंपन्यांची रांग लागली. २००३ मध्ये तीन नावे उरली, युरोपचे टायफून, फ्रान्सचे राफाल आणि अमेरिकेचे एफ-१५. एप्रिल २००५ मध्ये टायफून गळाले आणि वर्षअखेरीस एफ-१५ चा करार झाला. आधी १२ विमाने घेतली, आणखी घेण्याचा हक्क राखून ठेवला, आणि मग संख्या २४ वर नेली. एफ-३५ च्या बाबतीतही हेच झाले. अनेक वर्षे अभ्यास, २०१९ मध्ये मोजक्या विमानांचा निर्णय, आधी चार, २०२३ मध्ये आणखी आठ, आणि २०२४ मध्ये दुसऱ्या प्रकारची आठ. एकूण वीस. अंथरूण पाहून पाय पसरणे ते हेच.

एफ-१५ विमाने एप्रिल २०१० मध्ये सिंगापूरच्या भूमीवर दाखल झाली. पुढच्याच महिन्यात, १४ मे २०१० रोजी, दीर्घ आजारानंतर डॉ. गोह यांनी ९१ व्या वर्षी देह ठेवला. सरकारी इतमामाने त्यांचा अंत्यविधी झाला.

आपल्या मॉरिशसला लढाऊ विमानांची गरज पडली नाही, ही ईश्वराची कृपा आणि आपल्या शेजाराचे सुदैव. आपल्या तटरक्षक दलाची डॉर्नियर विमाने भारतातून आली आहेत आणि ती आपल्या अफाट समुद्रावर लक्ष ठेवतात. पण विमान असो, बस असो, इस्पितळातील यंत्र असो की शाळेतील संगणक, जनतेच्या पैशातून जे घेतले जाते त्याला तेच पाच प्रश्न विचारता येतात. कशासाठी? पोसायला किती? विकणारा रुसला तर काय? आपली माणसे ते सांभाळतील का? वेळेवर मिळेल का? मोठी खरेदी जाहीर झाली की आपण बहुतेक वेळा किंमत ऐकून आश्चर्य करतो आणि विसरून जातो. आपल्या मुलांनी तरी हे प्रश्न विचारायला शिकावे. त्यासाठी अर्थशास्त्राची मोठी पदवी लागत नाही, घरचा हिशेब नीट ठेवण्याची सवय पुरते.